दीड लाख मैल पळालेली मियाटा ट्रॅकवर न्यायची तर: नवख्यांसाठी सगळं क्रमाने

इथे बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आलेल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बजेट थोडं आहे, जुनी स्पोर्ट्स कार मिळतेय, पण मीटरवर दीड लाख मैल म्हणजे जवळजवळ दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत, अशी गाडी ट्रॅकवर पळवली तर इंजिन हातात येईल का? माझं उत्तर असं की नाही येणार, फक्त गाडीत नेमकं काय म्हातारं झालंय ते ओळखून आधी बदललं पाहिजे. मीटरचा आकडा घाबरवतो खरा, पण ट्रॅकवर जुनी गाडी बसते ती बहुतेक वेळा रबर, प्लास्टिक आणि जुन्या ऑइलमुळे. होज पाइप, रेडिएटरची टाकी, सील, ब्रेक ऑइल, ह्या गोष्टी मैलांपेक्षा वर्षांनी खराब होतात. त्यामुळे ऐंशी हजार मैलांची पण दहा-बारा वर्षं कोणी हात न लावलेली गाडी आणि पावणेदोन लाख मैलांची पण वेळच्या वेळी काम केलेली गाडी, यात मी डोळे मिटून दुसरी घेईन.

मी लिहितोय ते माझदा मियाटाबद्दल, त्यातही दुसऱ्या पिढीबद्दल, जी अमेरिकेत १९९९ ते २००५ या मॉडेल वर्षांत विकली गेली. बाकी बहुतेक जगात तिला एमएक्स-५ म्हणतात. भारतात माझदाच्या कार अधिकृतपणे कधी विकल्या गेल्याच नाहीत त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही गाडी इथे आल्यावरच पहिल्यांदा दिसते. माझ्याकडे २००१ ची आहे, मीटर एक लाख सत्तर हजाराच्या पुढे गेलंय आणि अजून ती ट्रॅकवर जाते आणि स्वतःच्या चाकांवर घरी येते.

मियाटाच का, तर वजन जेमतेम हजार-अकराशे किलो, इंजिन १.८ लिटरचं, साधारण १४० हॉर्सपॉवर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. गाडी हलकी असली की ब्रेक आणि टायर कमी खाते, खर्च आटोक्यात राहतो. शिवाय स्पेक मियाटा नावाचा, फक्त मियाटांचा रेसिंगचा क्लास इथे वर्षानुवर्षं चालू आहे त्यामुळे या गाडीत ट्रॅकवर काय मोडतं, कधी मोडतं, त्यावर उपाय काय हे सगळं लोकांनी आधीच शोधून ठेवलंय आणि पार्टही स्वस्तात मिळतात. दुसरी गाडी असेल तर तिचं स्वतःचं दुखणं आधी माहीत करून घ्या, म्हणजे जुन्या ९८६ पोर्शे बॉक्सस्टरमध्ये इंजिनच्या आतलं आयएमएस बेअरिंग, ई४६ बीएमडब्ल्यूमध्ये मागचा सबफ्रेम जिथे बसतो तिथे पत्र्याला जाणारे तडे. बाकी पद्धत सगळीकडे हीच.

आणखी एक, मी इथे रेसबद्दल बोलत नाहीये. ट्रॅक डे किंवा एचपीडीई (हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग एज्युकेशन) म्हणजे बंद ट्रॅकवर शिकवणी असते, वेळ मोजत नाहीत, नंबर देत नाहीत, आणि नवख्यांच्या ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो.

१. गाडी बघायला जाताना

जाहिरातीत "ट्रॅक रेडी", "टर्बो किट", "स्टेज टू" असलं काही दिसलं तर पहिल्या गाडीसाठी सरळ पुढे चला. दुसऱ्याने केलेलं काम तपासायला जेवढं ज्ञान लागतं तेवढं तुमच्याकडे अजून नाहीये, आणि ते काम कुठल्या परिस्थितीत झालंय ते विकणारा सांगणार नाही. जेवढी कंपनीतून आलीय तशी राहिलेली गाडी मिळेल तेवढं बरं. बिलांची फाईल देणारा मालक मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

बघायचं काय ते सांगतो.

गंज. कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना तसा कमी असतो पण बर्फाच्या राज्यातून आलेली असेल तर खालून नीट बघा. मियाटाची खास जागा म्हणजे दाराच्या खालचा पत्रा, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागून दोन नळ्यांतून खाली जातं, त्या नळ्या पालापाचोळ्याने बुजल्या की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून रंग एकदम झकास दिसत असतो. पाण्याची बाटली घेऊन जा, सीटच्या मागच्या कोपऱ्यात थोडं पाणी ओता, मागच्या चाकाजवळ खाली गळलं तर ठीक.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. चारही सिलिंडरचे आकडे किती आहेत यापेक्षा ते एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं. तिघांचा सारखा आणि एकाचा बराच खाली असेल तर ती गाडी सोडा. ओळखीच्या गॅरेजमध्ये खरेदीआधीची तपासणी करून घ्या, मालक नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

टायमिंग बेल्ट. साधारण ६० हजार मैलांना बदलतात. शेवटचा कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. बेल्ट काढलाच आहे तर वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील त्याच वेळी बदलून टाका, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरीच जास्त असते.

क्लच. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर तेलाच्या दाबाने क्लचपर्यंत पोचवणारा छोटा भाग) या गाडीत गळतोच, पार्ट स्वस्त आहे, फक्त ट्रॅकवर जायच्या आधी लक्षात आलं पाहिजे. क्लचच्या तेलाची छोटी डबी उघडून बघा, आत काळं तेल आणि पातळी खाली असेल तर काम निघालंय.

हे सगळं निघालं म्हणून गाडी वाईट असं नाही हं. वीस वर्षांच्या गाडीत हे निघणारच, फक्त किंमत ठरवताना ते हातात असू द्या.

२. कागदपत्रं आणि इन्शुरन्स

कॅलिफोर्नियात जुनी गाडी विकताना स्मॉग सर्टिफिकेट (धूर तपासल्याचा दाखला) देणं विकणाऱ्याची जबाबदारी असते. "तुम्हीच करून घ्या, सहज पास होईल" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा, बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असतो किंवा चेक इंजिनचा दिवा काहीतरी करून विझवलेला असतो. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, क्लीन आहे का बघा. सॅल्व्हेज टायटलची, म्हणजे मोठ्या नुकसानीमुळे बाद ठरवलेली, गाडी स्वस्त मिळते आणि ट्रॅकसाठी चालेल असं लोक सांगतात, पण एकदा जोरात ठोकलेल्या गाडीची चाकं परत सरळ रेषेत येतील का हे नवख्याला तपासता येत नाही, म्हणून माझं मत नको असंच आहे. गाडी घेतल्यावर दहा दिवसांत डीएमव्हीत (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्यात) नावावर करून घ्या.

आता इन्शुरन्स, इथे बरेच जण फसतात. तुमच्या रोजच्या कार इन्शुरन्सची पॉलिसी उघडून "न मिळणाऱ्या भरपाई"चं पान शब्दन् शब्द वाचा. पुष्कळ पॉलिसींत रेसट्रॅकवर झालेलं कुठलंही नुकसान बाहेर ठेवलेलं असतं, मग ती रेस असो की शिकवणी. ट्रॅकसाठी दिवसापुरता वेगळा इन्शुरन्स मिळतो, गाडीच्या किमतीप्रमाणे हप्ता असतो. माझा हिशोब असा, की गाडी उद्या पूर्ण गेली तरी घरचा हप्ता, मुलांची फी, गावाला पाठवायचे पैसे यातलं काही अडणार नसेल तर वेगळा इन्शुरन्स न घेताही चालेल, आणि अडणार असेल तर घ्या. जुनी स्वस्त गाडी घ्यायचं मोठं कारणच हे आहे, गाडीची काळजी डोक्यात नसेल तर शिकण्याकडे लक्ष राहतं. फक्त एवढं लक्षात असू द्या की बऱ्याच ट्रॅकवर तुमच्या गाडीने रेलिंग तोडलं तर त्याचं बिल तुम्हालाच येतं. नाव नोंदवताना सही करायच्या कागदात ते लिहिलेलं असतं, वाचून सही करा.

३. आधी पाणी, म्हणजे कूलिंग

मियाटाचं इंजिन दणकट आहे, पण तापलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जातं आणि तिथे जुन्या गाडीचा खेळ आटोपतो. म्हणून पहिला डॉलर इथे खर्च करा.

बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. नवीन असताना काळी असते. जुनी होत जाते तशी आधी हिरवट, मग मातकट तपकिरी होते, आणि तपकिरी झाली म्हणजे प्लास्टिक ठिसूळ झालंय, ती आज नाही तर उद्या तडकणार. रस्त्यावर अजून दोन वर्षं जाईलही, ट्रॅकवर भर दुपारी पाचव्या लॅपलाही जाऊ शकते. असा रंग दिसला की विचार करत बसू नका, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर टाका. त्याबरोबर वरचा-खालचा होज पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि नवीन कूलंट.

दुसरी गोष्ट जी जवळजवळ कोणीच बघत नाही ती म्हणजे गाडीच्या नाकाखालचा प्लास्टिकचा पत्रा. ऑइल बदलताना तो काढावा लागतो आणि वीस वर्षांत कुठल्यातरी गॅरेजमध्ये तो परत लावायचा राहून गेलेला असतो किंवा अर्धा तुटून गेलेला असतो. दिसायला फालतू, पण पुढून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी, खालून पळून जाऊ नये यासाठी तो आहे. तो नसेल तर महागातला रेडिएटर टाकूनही गाडी तापते. नवीन मिळतो, लावा, आणि रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोमने बुजवा.

तिसरी गोष्ट, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. पाण्याच्या तापमानाचा काटा मुद्दाम असा बनवलाय की बऱ्याच मोठ्या फरकात तो मधोमधच उभा राहतो, हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटाही या पिढीत नुसता नावाला आहे, आत साधा स्विच आहे, प्रेशर आहे की नाही एवढंच त्याला कळतं, किती ते नाही. उपाय स्वस्त आहे, ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथवालं यंत्र आणि फोनवर अ‍ॅप. त्यात पाण्याचं खरं तापमान दिसतं. आकडा चढत राहिला तर एक-दोन लॅप हळू घ्या, तरी उतरला नाही तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला थांबायच्या जागी, या. (ऑइल प्रेशर मात्र यात दिसत नाही, त्याला वेगळा गेज बसवावा लागतो, तो पुढच्या वर्षी बघा.)

ऑइलबद्दल एवढंच, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरलेलं ठेवायचं. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं, कमी असेल तर पंपाला हवा ओढावी लागते आणि बेअरिंग जातात. जास्त पळालेलं इंजिन ऑइल थोडं खातंच, म्हणून दर सेशननंतर (ट्रॅकवरच्या प्रत्येक पाळीनंतर) बघायचं, दर म्हणजे दर.

४. ब्रेक

इथे कंजुषी नाही. रस्त्यावर ठीक वाटणारे ब्रेक ट्रॅकवर दहा मिनिटांत संपू शकतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्री सेल्सिअसपर्यंत उकळत नाही असा नियम आहे, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ डिग्रीवर येते. ट्रॅकवर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सहज एवढा तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि तुम्ही पेडल दाबता तर ते मऊ लागतं किंवा सरळ तळाला जातं. समोर वळण असताना हे झालं तर काय ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून पहिल्या ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात सगळं ब्रेक ऑइल बदलून घ्या, साधं डॉट ४ नको, ३०० डिग्रीच्या वर उकळणारं रेसिंगचं घ्या, एक लिटरमध्ये पूर्ण गाडीचं होतं. मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या पुढचा, ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकाकडे यायचं. सीलबंद बाटली उघडली की ती तेव्हाच वापरायची, उरलेली पुढच्या वर्षीसाठी कपाटात ठेवायची नाही.

जुन्या गाडीत रबरी ब्रेक होजही बघा. वाकवून बघितल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदला.

ब्रेक पॅड हे ट्रॅकसाठीच्या तापमानाचे घ्या, पण एकदम रेसचे नकोत, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि तुम्हाला त्याच गाडीने घरी यायचंय. रस्ता आणि हलका ट्रॅक दोन्हीसाठी म्हणून विकतात तसले नवख्याला पुरतात. आवाज करतील, चाकांवर काळी धूळ बसेल, बसू द्या. नवीन पॅड टाकल्यावर ते बसवून घ्यायला लागतात, म्हणजे रिकाम्या रस्त्यावर पूर्ण न थांबता बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावत वेग कमी करायचा, परत वाढवायचा, असं बऱ्याच वेळा, आणि मग ब्रेक न लावता गाडी चालवत थंड करायची. हे घरीच करून जा. पॅड निम्म्याच्या खाली आले असतील तर नवीन टाकून जा, पातळ पॅड उष्णता सरळ ऑइलपर्यंत पोचवतात.

५. टायर, चाकं, बेअरिंग

पहिल्या वर्षी महागडे चिकट टायर घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. साधे चांगले समर टायर मर्यादेच्या जवळ आले की ओरडतात, तुम्हाला वेळ देतात. फार चिकट टायर बराच वेळ गप्प राहून मग एकदम सुटतात, आणि त्यांची पकड जास्त म्हणून जुन्या हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि बेअरिंगवर ताणही जास्त. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर ट्रॅकवर नेऊ नका, रबर कडक झालेलं असतं.

हवा थंड असताना २७-२८ पीएसआयच्या आसपास ठेवून सुरुवात करा, सेशनमध्ये चार-पाच पीएसआय सहज वाढते. बाहेर आल्या आल्या गरम असतानाच मोजा आणि वहीत लिहा. ही वही फार उपयोगाची आहे.

गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, चाक वर आणि खाली धरून हलवून बघा. खट्-खट् असं हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. मियाटाचे पुढचे हब ट्रॅकवर झिजतात हे माहीत असलेलं दुखणं आहे. चाक फिरवून कान लावा, घरघर आली तरी बदला. चाकाचे नट टॉर्क पान्याने ८० फूट-पाउंडला आवळा, अंदाजाने नाही, आणि पहिल्या सेशननंतर परत बघा. व्हील अलाइनमेंट करताना पुढे दीड डिग्रीच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) जेवढा मिळेल तेवढा द्यायला सांगा, नाहीतर टायरच्या बाहेरच्या कडा एका दिवसात गोल होतात.

६. रोल बार आणि हेल्मेट

मियाटा उघडी गाडी आहे आणि या पिढीत कंपनीचा रोल बार नाही. त्यामुळे ट्रॅक डे भरवणारे बहुतेक ग्रुप रोल बार (डोक्यामागची संरक्षक लोखंडी कमान) बसवल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि नियम नसता तरी मी बसवाच म्हटलं असतं. गाडी उलटली तर पुढच्या काचेची चौकट तुमचं डोकं वाचवायला पुरेशी नाही. फॅशनचे चकचकीत बार मिळतात ते नकोत, ट्रॅकसाठी म्हणून बनवलेला, आडवा-तिरका दांडा असलेला घ्या. विकत घेण्याआधी तुमच्या ग्रुपचे नियम वाचून तोच मॉडेल चालतो का विचारा.

मग झाडूच्या दांड्याची परीक्षा असते. रोल बारच्या वरून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ दांडा ठेवतात, तुम्ही हेल्मेट घालून बसलात की डोकं त्याच्या खाली राहिलं पाहिजे. उंच माणसांचं इथे अडतं. सीटच्या गादीतला थोडा फोम कापून काढतात, इंच-दीड इंच मिळतो, पण ट्रॅकवर जाऊन हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये बघा. बारवर जाड पॅडिंग लावा, कारण रोज ऑफिसला जाताना तुमच्या डोक्यावर हेल्मेट नसतं आणि बार डोक्याच्या मागेच असतो.

हेल्मेट स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) एसए रेटिंगचं घ्या, एसए२०२० वगैरे. मोटरसायकलचं एम रेटिंगचं स्वस्त असतं पण त्यात आगीची परीक्षा घेतलेली नसते, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. जुनं हेल्मेट वापरलेलं घेऊ नका. सीट बेल्ट कंपनीचाच सुरुवातीला पुरतो. अर्धवट हार्नेस (रेसचे खांद्यावरून येणारे पट्टे) बसवण्यात धोका आहे, अपघातात माणूस खालून सरकतो. आणि तुमच्या सीटला जे आहे तेच इन्स्ट्रक्टरच्या सीटला असायला लागतं, हे विसरून लोक एकाच बाजूला खर्च करतात.

७. कुठे जायचं

उत्तर कॅलिफोर्नियात तीन मोठे ट्रॅक जवळ आहेत. लागुना सेका मॉन्टेरीजवळ, २.२३८ मैल, ११ वळणं, त्यातलं कॉर्कस्क्रू जगप्रसिद्ध आहे, पण तिथे आवाजाची मर्यादा कडक असते आणि दिवसही महाग पडतो. सोनोमात भिंती जवळ आहेत, चूक महाग पडते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी विलोजचं थंडरहिल सांगतो. तीन मैलांचा पूर्वेचा ट्रॅक, दोन मैलांचा पश्चिमेचा, आणि बाजूला मोकळी जागा भरपूर, चाक बाहेर गेलं तर धूळ उडते पण सहसा गाडी शाबूत राहते. फक्त उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीकडे जातो, जुन्या गाडीने एप्रिल किंवा ऑक्टोबर बघावा. सॅन फ्रान्सिस्कोहून दीडशे मैलांच्या आसपास अंतर आहे, म्हणजे पहाटे निघा किंवा आदल्या रात्री तिथेच राहा.

ग्रुप निवडताना नासा, म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, त्यांचा एचपीडीई १ हा वर्ग इन्स्ट्रक्टरसह असतो. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, त्यांचं ट्रॅक नाइट हे दुपारनंतरचं, कमी खर्चाचं आणि तीन छोट्या सेशनचं असतं. पहिल्या वेळी शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो असाच कार्यक्रम निवडा, थोडे जास्त पैसे गेले तरी. त्या माणसाने एका सेशनमध्ये सांगितलेलं तुम्हाला एकट्याने सहा महिने सापडणार नाही.

८. आदल्या दिवशी काय भरायचं

कागद: ड्रायव्हिंग लायसन्स, नाव नोंदणीची प्रिंट, टेक इन्स्पेक्शनचा, म्हणजे गाडी ट्रॅकसाठी सुरक्षित आहे का त्या तपासणीचा, भरलेला फॉर्म (काही ग्रुपना गॅरेजची सही लागते, आधी बघा), इन्शुरन्सचा कागद.

गाडीसाठी: जॅक, दोन स्टँड, टॉर्क पाना आणि २१ चा सॉकेट, हवा मोजायचं यंत्र, दोन लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, एक गॅलन कूलंट, जुने पॅड, झिप टाय, निळी पेंटरची टेप नंबर चिकटवायला, आणि चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे.

तुमच्यासाठी: हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बंद बूट, टोपी, भरपूर पाणी, आणि डबा. ट्रॅकवर खायला मिळेलच असं नाही, पोळी-भाजीचा रोल, केळी, चिवडा असलं काहीतरी घ्या. उन्हात पाणी न पिता तिसऱ्या सेशनला गेलात तर डोकं चालत नाही आणि चुका तिथेच होतात.

गाडीतलं सगळं सामान ट्रॅकवर जायच्या आधी बाहेर काढायचं, स्टेपनी, मॅट, सीटखालचं नाणंसुद्धा. पेडलखाली काही सरकलं तर ब्रेक लागणार नाही. मियाटाची बॅटरी डिकीत असते, तिची पट्टी घट्ट आहे का हात लावून बघा, टेकवाले ते हमखास तपासतात. पेट्रोल गावात भरा. टाकी पावाच्या खाली आली की वळणात इंजिन अडखळायला लागतं आणि ट्रॅकवर मायलेज निम्म्याच्या खाली जातं.

घरी कसं यायचं हेही आधीच ठरवा. लांबच्या अंतराचं टोइंग असलेली मेंबरशिप घ्या किंवा मित्राला दुसरी गाडी घेऊन बोलवा.

९. त्या दिवशी

सकाळची ड्रायव्हर मीटिंग चुकवली तर बरेच ग्रुप ट्रॅकवर सोडत नाहीत. तिथे झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, हळू करा, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे मागे बघून, हळूहळू पण पूर्ण थांबा. काळा तुमच्याकडे दाखवला तर पिटमध्ये या. काळ्यावर केशरी गोल म्हणजे तुमच्या गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय. निळ्यावर पिवळा पट्टा म्हणजे मागचा तुमच्यापेक्षा वेगात आहे, वाट द्या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्त्यावर ऑइल किंवा कचरा. झेंडे दाखवणारी माणसं प्रत्येक लॅपला कुठे उभी आहेत ते पहिल्या सेशनमध्येच पाठ करा.

ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवली तरच. तुम्ही मियाटात आहात म्हणजे सरळ रस्त्यावर सगळे तुमच्यामागे येणार, हात दाखवा, पाय थोडा उचला, जाऊ द्या. यात कमीपणा काही नाही.

चालवताना, ब्रेक सरळ असताना लावायचा, वळणात शिरल्यावर नाही. नजर बॉनेटच्या पुढे नाही तर जिथे जायचंय तिथे. वळणात मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस पण बऱ्याच गाड्यांत नाही, सांभाळून घेणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. दोन चाकं बाहेर गेली तर स्टीअरिंग झटक्यात आत ओढू नका, सरळ ठेवा, वेग कमी होऊ द्या, मग हळू आत या. गाडी फिरायला लागलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा. थंडरहिलला पाचव्या आणि नवव्या वळणाला चढाच्या पलीकडचं काही दिसत नाही, तिथे पहिला दिवसभर वेग कमीच ठेवा.

शेवटचा लॅप हळू, ब्रेक जवळजवळ न वापरता, म्हणजे सगळं थंड होतं. पॅडकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या आवारात) आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही. तापलेल्या रोटरला (ब्रेकच्या तबकडीला) पॅड चिकटून राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा लावा, बॉनेट उघडा. मग फेरी मारा: गरम टायरची हवा, ऑइलची पातळी, खाली काही गळतंय का, पॅडची जाडी, नटचा टॉर्क. पेडल आधीपेक्षा मऊ लागलं तर पुढच्या सेशनला जायचं नाही, आधी ब्लीड करा, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढून टाका.

शेवटचं सेशन सोडून दिलं तरी चालेल. दिवसाच्या शेवटी माणूस आणि गाडी दोघंही थकलेले असतात, आणि तुम्हाला अजून दीडशे मैल गाडी चालवायचीय.

१०. घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी निवांत गाडी वर घ्या. इंजिन ऑइल बदला, ब्रेक परत ब्लीड करा, रोटरवर चाकाच्या मधून बाहेर जाणारे तडे दिसतात का बघा, अगदी बारीक केसासारखे चालतात पण कडेपर्यंत पोचले असतील तर रोटर बाद. कूलंटची पातळी खाली गेली असेल तर कुठे गेलं ते शोधा, नुसतं भरून ठेवू नका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल गाडी घेतल्यावर बदललं नसेल तर आता बदला.

पुढे पैसे कुठे घालायचे याचा माझा क्रम: आधी आणखी ट्रॅक डे आणि इन्स्ट्रक्टर, मग चांगली सीट, मग सस्पेन्शनची झिजलेली रबरं, मग डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), मग टायर. इंजिनची ताकद यादीत सगळ्यात शेवटी, आणि दीड लाख मैलांच्या इंजिनला टर्बो लावायचा विचार मनात आला तर त्याच पैशात दुसरं इंजिन आणून कोपऱ्यात झाकून ठेवा, ते जास्त उपयोगी पडेल.